मेरीचं माहेर

माझ्या सासूबाई आशालता यांना भेटलेल्या माणसाचं मूळ गाव पहिल्या पाच मिनिटांत कळावं लागतं. नाही कळलं तर त्यांना चहा गोड लागत नाही. पुण्यात हे खपून जायचं. सिंगापूरला आल्यावर मी त्यांना बजावलं होतं, "आई, इथे कुणी कुणाला असलं विचारत नाही."

"मग ही माणसं एकमेकांना ओळखतात तरी कशावरून?" असं म्हणून त्या खाली बाजारात गेल्या. परत आल्या तेव्हा कोथिंबिरीच्या जुडीबरोबर भाजीवालीचं आजोळही घेऊन आल्या होत्या. ते मलेशियात आहे. मला ऐकायचं नव्हतं, तरी ऐकावं लागलं.

सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये डोरीन राहते. ऐंशीच्या पुढची, एकटी, निवृत्त नर्स. आडनाव इंग्रजी, रंग माझ्याइतकाच सावळा, आणि हातची करी अशी तिखट की डोळ्यांतून पाणी यावं. सासूबाईंना हे काही जुळवता येईना. मी समजावलं, "त्या युरेशियन आहेत. पूर्वी इंग्रज आणि इथल्या लोकांच्या संसारातून झालेला समाज."

"ते झालं गं. पण ही कुठली?"

शेवटी त्यांनी डोरीनलाच विचारलं. मी लाजेने अर्धी झाले. पण डोरीनला राग आला नाही, उलट तिने आम्हाला आत बोलावलं. हाच प्रश्न ती स्वतःला आयुष्यभर विचारत आली होती.

इंग्रजांनी इथे नुकतं बस्तान बसवलं तेव्हा थॉमस वेदरबी नावाचा एक जहाजावरचा सुतार इथे उतरला आणि बोटी बांधायला लागला. डोरीन त्याच्या वंशातली. तिचा पर्थला राहणारा लांबचा भाऊ पर्सी गेली दहा वर्षं या घराण्याची वंशावळ बनवत होता. डिसेंबरमध्ये सगळे नातेवाईक सिंगापूरला जमणार होते आणि ती मोठ्या कागदावर छापून प्रत्येकाला मिळणार होती. पर्सीने पाठवलेला कच्चा नमुना डोरीनने टेबलावर पसरला. थॉमसच्या शेजारी जाड, सलग रेघेने जोडलेली मेरी, त्याची चर्चमधली बायको. तिच्या मुलीच्या खाली पर्सी. दुसऱ्या बाजूला एक तुटक रेघ, तिच्या टोकाला 'मीनाह, स्थानिक स्त्री', आणि तिच्या मुलीच्या खाली डोरीन. थॉमसने आधी मीनाहला ठेवली, मग मेरीशी रीतसर लग्न केलं, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जात होतं.

"माझ्या आजीला ख्रिसमसला मेरीकडच्यांच्या घरात मागच्या दाराने घ्यायचे," डोरीन म्हणाली. वाक्याच्या शेवटी आपण 'गं' लावतो तसं ती 'लाह' लावते. "आता हे छापून घरोघर जाणार. मी तुटक रेघेवर जन्मले आणि तिथेच मरणार, लाह."

सासूबाई त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या घरात ही बातमी असते.

आजीने सांगितलेली एक गोष्ट डोरीनला पक्की ठाऊक होती. मीनाह पुलाउ उबीन बेटावरची. बाप कोळी, पाठचे दोन भाऊ. सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, "मीनाहचं माहेर बघून येऊ." रविवारची झोप सोडून मला दुभाषी म्हणून जावं लागलं. खरं तर विम्याच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या या बाईंना दुभाषी लागत नाही, ऐकायला कुणीतरी लागतं.

चांगीच्या धक्क्यावरून उबीनची बोट बारा उतारू जमल्याशिवाय सुटत नाही. आम्ही तिघी आणि सायकली घेतलेली दोन पोरं. बाकड्यावर बसून सासूबाईंनी चिवड्याचा डबा काढला आणि वंशावळ मांडीवर घेतली.

"डोरीनताई, थॉमसचं गाव सापडलं?"

"हो. समुद्राकाठचं. बापाचं दुकानसुद्धा सापडलं."

"आणि मेरीचं माहेर?"

"नाही सापडलं. पर्सी दहा वर्षं शोधतोय. आईबाप नाहीत, कुठल्या जहाजाने आली तेही नाही. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये एकदम उभी."

"आभाळातून पडली का?" सासूबाईंनी चष्मा वर केला. "बरं, मीनाह वारली कधी?"

"कुणाला माहीत नाही. थॉमसचं लग्न झालं आणि तिचा पत्ताच लागत नाही."

"म्हणजे मेरी आली त्या दिवशी मीनाह गेली." सासूबाईंनी कागदावरच्या दोन्ही नावांवर बोट ठेवलं. "मेरी गोरी होती हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीच सांगितलेलं नव्हतं. नावावरून सगळे तसं धरून चालले होते.

मग सासूबाईंनी डब्याच्या झाकणात चिवड्यातले पोहे पसरले, बोटातली अंगठी काढली आणि तिच्या कडेने पोह्यांत अक्षरं ओढली. "आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात. नवरा त्यात अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. पेढे वाटतात, सगळे नवीन नावाने हाक मारतात, संपलं. त्या ताटाच्या आधी आशालताला शोधायला गेलात, तर मीही कुठे सापडणार नाही. अहो, या दोन बायका नाहीत. एकच आहे. लग्नासाठी बाप्तिस्मा दिला असेल, तेव्हा नाव बदललं तिचं. आधीची मुलगी मीनाहच्या नावावर राहिली, नंतरची मेरीच्या."

बारा उतारू जमले. बोटवाल्याने हाका मारल्या. आम्ही तिघी बाकड्यावरून हललो नाही. पुढच्या बोटीने गेलो. उबीनवर डोरीन किनाऱ्यालगत खूप वेळ नुसती चालत राहिली, आणि सासूबाई चक्क गप्प राहून तिच्या मागे चालल्या.

मला मात्र ही सगळी हवेतली गोष्ट वाटत होती. डोरीनने कळवलं तेव्हा पर्सीच्या तर नाकाला मिरच्या झोंबल्या. "शेजारणीच्या कल्पनेवर मी घराण्याचा इतिहास बदलायचा?" तो व्हिडिओ कॉलवर कडाडला. तेव्हा डोरीनमधली नर्स जागी झाली. आईकडून मुलांकडे जसाच्या तसा येणारा एक धागा डीएनएमध्ये असतो, आणि पर्सी काय, डोरीन काय, दोघांची वाट आई, आजी, पणजी अशीच वर जात होती. तिने विचारलं, "तू टेस्ट केली होतीस ना रे? आईची बाजू कुठली निघाली?"

पर्सीने कॅमेऱ्यावरून नजर काढली. मग पुटपुटला, "तुमच्याच सिंगापूरकडची. मला वाटलं, लॅबने घोळ घातला."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहायचं मुद्दाम टाळलं.

डोरीनने आपली टेस्ट केली. काही आठवड्यांनी निकाल आला. दोघांचा धागा एकच. पर्सीने स्वतःहून फोन केला आणि त्याचा आवाज इतका खाली आला होता की मला त्याची दया आली. "मी तिला दहा वर्षं इंग्लंडहून येणाऱ्या जहाजांवर शोधत होतो," तो म्हणाला.

डिसेंबरमध्ये वंशावळ छापून आली. नातेवाईक जमले तेव्हा सगळ्यांना पुढच्याच दाराने घेतलं. थॉमसच्या शेजारी आता एकच स्त्री होती आणि तिच्यापासून डोरीनपर्यंत सलग रेघ. पर्सी नुसतं 'मेरी' ठेवणार होता, पण डोरीनने हट्ट धरला. म्हणून तिथे छापलंय: 'मीनाह, लग्नानंतर मेरी. माहेर पुलाउ उबीन.'

आपली प्रत घेऊन डोरीन आमच्याकडे आली. सासूबाईंनी त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. मग डोरीनने विचारलं, "आणि आशा, त्या ताटाच्या आधी तुझं नाव काय होतं?"

"सरोजिनी," सासूबाई म्हणाल्या. "घरी सरू म्हणायचे. आता कोण म्हणणार? म्हणणारे सगळे गेले."

मी नवऱ्याकडे पाहिलं. अश्विन आईकडे पाहत होता. त्यालाही हे नाव माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर असताना कॉरिडॉरमधून डोरीनचा खणखणीत आवाज आला, "सरू! सरू! मार्केटला चल, लाह!"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मग आतून एक बारीक, चपळ आवाज आला. तो आवाज मी या घरात कधीच ऐकला नव्हता.

"ओ! आले गं!"

आणि गुडघे दुखतात म्हणून भिंत धरून चालणाऱ्या माझ्या सासूबाई ओल्या हातांनीच दाराकडे पळत सुटल्या.