सुवर्णाताईंनी पिशव्या खाली ठेवल्या

सुवर्णाताईंनी अमेरिकेत पाहिलेल्या प्रत्येक प्रेक्षणीय स्थळाला एक बाक होता. धबधब्यापाशी बाक, उंच पाळण्यांपाशी बाक, बर्फाच्या डोंगराखालीही बाक. मंडळी मजा करायला पांगली की सुवर्णाताई त्या बाकावर पिशव्या सांभाळत बसायच्या. टेक्सासातल्या अर्विंग शहरातल्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासून भल्याभल्यांना घाम फोडणारी ही बाई सुट्टी लागली की सामानघर होऊन जायची.

यंदा पश्चिम टेक्सासातल्या मोनाहन्सच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचं ठरलं, तेव्हा मात्र त्यांनी निघण्याआधीच बजावलं, "मी घसरणार. एकदा तरी घसरणारच."

"आणि तुझा गुडघा?" त्यांचे यजमान मोरेश्वरराव म्हणाले.

"बसूनच तर जायचंय. तोही बसेल."

तिथं वाळूवरून बसून घसरायला भाड्यानं प्लॅस्टिकची, परातीएवढी पिवळी थाळी मिळाली. "तळाला मेण घासा," असं काउंटरवरच्या पोरीनं सांगितलं. सुवर्णाताई हसल्या. कुरकुरणारं दार, अडकलेली चेन, रुसलेलं शिलाई मशीन, सगळ्यांना त्यांनी आजवर खोबरेल तेलानंच वठणीवर आणलं होतं. पर्समधली बाटली काढून त्यांनी थाळीला अभ्यंग घातलं.

टेकडीच्या माथ्यावर तिन्ही पिशव्या नवऱ्याच्या गळ्यात अडकवून त्या थाळीत मांडी घालून बसल्या. मोरेश्वररावांनी ढकललं. थाळी वीतभर सरकली आणि जी रुतली ती रुतलीच. तेलानं निम्मी टेकडी पोटाशी धरली होती. शेजारून बालवाडीतली पोरं किंचाळत सुसाट गेली.

"इट्स ओके, आई," लेक रुचा म्हणाली. "यू कॅन जस्ट वॉच."

"खाली बाक आहे हं," मोरेश्वरराव मायेनं म्हणाले. "सावलीपण आहे छान."

बाक! सुवर्णाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्या निळ्या पिशवीतली थालीपिठाची भाजणी काढा."

"आत्ता? भूक लागली?"

"काढा म्हणते ना!"

मूठमूठ भाजणी घेऊन त्यांनी थाळीला उटणं लावल्यासारखी खसाखसा चोळली. तेल, वाळू, सगळं गोळ्या होऊन सुटलं. ओढणीच्या टोकानं थाळी लख्ख पुसली. शेजारी रुंद हॅट घातलेली एक टेक्सन आजी केव्हाची टक लावून पाहत होती.

"व्हॉट इज दॅट, हनी?"

"ब्रेकफास्ट," सुवर्णाताई म्हणाल्या. "तुमच्याकडे वॅक्स आहे?"

आजीनं हसत मेणाची वडी पुढे केली. सुवर्णाताईंनी ती तळभर घासली, बैठक मारली आणि या खेपेला कुणाच्या ढकलण्याची वाट न पाहता स्वतःच दोन्ही हातांनी वाळू मागे रेटली.

थाळी सुटली! ओढणी आडवी उडाली, केसांचा चाप कुठल्या कुठे गेला, आणि "अगं आई गंऽऽ" अशी आरोळी अख्ख्या टेकडीनं ऐकली. शेवटी थाळी एकीकडे, सुवर्णाताई एकीकडे. त्या उठल्या, तोंडातली वाळू थुंकली आणि दोन्ही हात आभाळात उंचावले. माथ्यावर आजीनं हॅट हलवली. "गो आई!" रुचा घसा फोडून ओरडत होती.

धापा टाकत त्या वर पोचल्या, तोवर मोरेश्वररावांनाही सुरसुरी आली होती. त्यांनी थाळीकडे हात पुढे केला.

"आता मी एकदा जाऊन बघतो."

"जाल की," पुन्हा मेण घासत सुवर्णाताई म्हणाल्या. "माझं पोट भरू दे आधी."

आणि या वेळी त्या पालथ्या पडून, डोकं पुढे करून निघाल्या.