आधी दिवा, मग भाकरी, मग दोर

धायरीतल्या त्या सोसायटीत कांताबाईंच्या भित्रेपणाचे किस्से सांगणाऱ्यांना तोटा नाही. लिफ्टमध्ये त्या एकट्या चढत नाहीत. कुणाच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी जिना झाडता झाडता दचकतात. फोन वाजला की 'हॅलो' नाही, थेट 'काय झालं?' विचारतात. 'मावशी, निदान स्वतःच्या सावलीला तरी घाबरत नाही ना?' असं चेअरमननी एकदा भर गणपतीत विचारलं. सगळे हसले, कांताबाईही हसल्या. पण एवढी भित्री बाई आवारातल्या विहिरीपाशी दिवसातून चार वेळा कशाला जाते, हा प्रश्न त्या हसणाऱ्यांतल्या एकाच्याही डोक्यात आला नाही.

विहिरीचं आधी ऐका. सोसायटी व्हायच्या आधी तिथे मळा होता, त्या मळ्यातली ही विहीर. काळ्या दगडात फोडलेली, पन्नास फूट खोल. पाणी आटायला लागलं तेव्हा मळेवाल्यानं तिच्या तळात बोअर मारून घेतलं, म्हणजे विहिरीच्या पोटात आणखी दोनशे फुटांचं भोक. आणि त्यानंतरच्या मे महिन्यात, पंचवीस वर्षांपूर्वी, याच विहिरीत कांताबाईंचा नवरा पोपट गेला.

पोपटचा धंदाच तो. गाळ काढायचा, अडकलेली मोटार सोडवायची. त्याच्या बापानं, म्हणजे आबांनी, त्याला एक नेम घालून दिला होता: आधी दिवा, मग भाकरी, मग दोर. सकाळी पेटता कंदील दोरीला बांधून तळापर्यंत सोडायचा. तो जळत राहिला तर खालची हवा चांगली. मग पोटभर जेवायचं, कारण उपाशी माणसाला शिडीवर भोवळ येते. आणि मग कमरेला दोर बांधून उतरायचं. या नेमावर आबांनी चाळीस वर्षं काढली आणि शेवटी ते अंथरुणातच गेले. नेम पक्का होता हो, त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

त्या दिवशी सकाळी नऊला कंदील खाली मजेत जळत होता. पोपटनं शिडीवर पाय ठेवला आणि म्हणाला, "धा मिनिटांचं काम हाय. उतरून येतो, मग जेवू."

"उपाशी उतरू नका," कांताबाई म्हणाल्या. "आबांचा नेम हाय. मी भाकरी घेऊन येते."

पोपटनं पाय काढला. कांताबाई घरी गेल्या, चूल पेटवली, बाराला डबा घेऊन आल्या. तो जेवला, चिंचेखाली जरा लवंडला आणि अडीचला उतरला. तळाला टेकला आणि मांडीत मान घालून बसला, तो बसलाच. वरच्यांनी दोर ओढून बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. समाधान तेव्हा नऊ वर्षांचा होता.

गावानं लगेच निकाल दिला. विहिरीत साती आसरा राहतात, त्या सात बायांनी नेला. 'आणि हे लोक मानत नाहीत ना त्यांना,' असंही कुणीतरी कुजबुजलं, कांताबाईंना ऐकू जाईल इतपत हळू. खरं होतं ते. छप्पन्न सालीच आबांच्या वडिलांनी घरातले देव आणि भुतं एकाच टोपलीत भरून नदीला दिली होती. तेव्हापासून घरात बुद्ध आणि बाबासाहेब, आणि कशालाही न भिण्याची शिकवण. कांताबाईंनी शिकवण सोडली नाही. पण भीती काही शिकवण विचारून येत नाही. ज्यांना आसरा होत्या त्यांना नारळ फोडून मोकळं तरी होता येत होतं. कांताबाईंच्या भीतीला नारळ नव्हता आणि पत्ताही नव्हता. माझा माणूस कशानं मेला, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

पुढे मळा गेला, सोसायटी आली, विहिरीवर लोखंडी झाकण बसलं. सोसायटीला झाडलोट करायला बाई हवी होती, तर कांताबाई आपणहून गेल्या. लोक म्हणाले, वेड लागलंय हिला. त्या म्हणाल्या, "लक्ष ठेवायला कुणीतरी हवं."

लक्ष ठेवलं म्हणजे किती ठेवलं! झाकणाला पाइपसाठी चार बोटांचं भोक होतं. एके दुपारी त्यातून बारीक शिट्टी ऐकू आली आणि कांताबाईंच्या हातातला झाडू गळून पडला. दुसऱ्या दिवशी हिय्या करून त्यांनी त्या भोकाशी दुधाच्या पिशवीची एक पट्टी बांधली. सकाळी आठला पाहिलं तर पट्टी आत ओढली गेलेली. दुपारी दोनला पाहिलं तर पट्टी भोकातून वर उभी राहून थरथरतेय. रोज तेच. आभाळ भरून आलं की पट्टी नुसती फडफडायची. विहीर सकाळी श्वास घेत होती आणि दुपारी सोडत होती. जिवंत होती! हे कळलं त्या दिवशी कांताबाईंना घरी जाऊन घास गिळवला नाही. कुणाला सांगायची सोय नव्हती. चेअरमनला सांगावं तर पुढच्या गणपतीची सोय झाली असती.

चौदा वर्षांनी सांगायला माणूस मिळालं. भूजलाचा अभ्यास करणारी दीपाली नावाची मुलगी दर महिन्याला विहिरीची पातळी मोजायला येऊ लागली. जीन्स, पाठीला सॅक, तोंडात निम्मं इंग्रजी, पण 'मावशी, तुम्ही चहा घेतलात का?' विचारणारी. कांताबाईंनी तिला पट्टी दाखवली. वाटलं, हसेल. ती हसली नाही. ती झाकणावर पालथी पडली, भोकाला कान लावला आणि ओरडली, "मावशी, हे किती वर्षं बघताय तुम्ही? हे सॉलिड आहे!"

पुढच्या वेळी तिनं यंत्रं आणली. महिनाभर मोजलं आणि मग कांताबाईंना शेजारी बसवून समजावलं. "हवेला वजन असतं, मावशी. पहाटेपासून दहापर्यंत ते वाढत जातं, तेव्हा हवा बोअरमधून खडकाच्या भेगांत दाबली जाते. दहानंतर चारपर्यंत ते कमी होतं, मग आतली हवा बाहेर येते. वादळी हवा असली की आणखी जोरात. जगात बऱ्याच ठिकाणी अशा विहिरी आहेत. भूत नाही, काही नाही." मग तिनं छोटं यंत्र भोकाशी धरलं. "पण हे बघा. बाहेर प्राणवायू एकवीस टक्के, आणि ही हवा अकरा. खडकात राहून राहून तिच्यातला प्राणवायू संपलेला असतो. ना वास, ना रंग. माणूस खाली गेला तर कळायच्या आत कोसळेल."

कांताबाईंनी त्या आकड्याकडे बघत विचारलं, "आणि सकाळी नवाला कुणी उतरलं असतं तर?"

"सकाळी?" दीपाली वायर गुंडाळत म्हणाली. "सकाळी विहीर बाहेरची हवा आत ओढते. काही झालं नसतं."

तिला बिचारीला काय माहीत! कांताबाई उठल्या, झाडू घेतला आणि झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला लागल्या. समजलं की भीती जाते असं शहाणे लोक म्हणतात. त्यांना एकदा कांताबाईंच्या घरी पाठवा. आसरांनी नेला असता तर बरं होतं की हो! इथे तर शिडीवरचा पाय कांताबाईंनी काढायला लावला होता. आणि दिवा नवाचा नि उतरणं अडीचचं, मध्ये त्यांची भाकरी.

यातली सगळ्यात मोठी भीती पुढेच होती. समाधान आता चौतीस वर्षांचा, बापाचाच धंदा करणारा, आणि आबांचा नेम त्याला तोंडपाठ. त्याला सांगायला हवं होतं. कांताबाई तीन वेळा सांगायला बसल्या. तिन्ही वेळा नेमकं काय सांगावं लागेल ते आठवलं. "दुपारचं उतरत जाऊ नको," एवढंच तोंडातून निघालं.

"आई, दिवा बघतोच ना मी," तो म्हणाला.

दीपालीनं सोसायटीला रीतसर पत्र दिलं होतं. चेअरमननी ते वाचलं, त्यावर 'नोंद घेतली' असं लिहिलं आणि फाइलला लावलं. फाइलनं नोंद घेतली.

गेल्या मे महिन्यात टँकरची बोंब झाली आणि विहिरीतली मोटार तळाशी अडकली. कांताबाईंची त्या दिवशी सुट्टी होती. सकाळी समाधान डबा घेऊन निघाला, म्हणाला, कर्वेनगरला काम आहे. दोन वाजता फोन वाजला.

"काय झालं?" कांताबाई म्हणाल्या.

"काही नाही हो मावशी, तुमचं आपलं नेहमीचंच," चेअरमन म्हणाले. "तुमची ती प्लास्टिकची चिंधी झाकणावरून काढलीय, उद्या रागावू नका. समाधान आलाय मोटार काढायला. तुम्ही उगाच घाबराल म्हणून त्यानं सांगितलं नसेल. सकाळी दिवाबिवा सोडून झालाय, आता जेवण झालं की उतरतोय."

"त्याला उतरू देऊ नका!"

"अहो, हवा बघितलीय सकाळीच," म्हणून त्यांनी फोन ठेवला. समाधानचा फोन वाजत राहिला. काम करताना तो शर्ट काढून ठेवायचा, फोन शर्टात.

दारात आल्या तर सिंहगडाच्या बाजूनं आभाळ काळंठिक्कर. कांताबाईंनी पायात चपलाही घातल्या नाहीत. साठीची बाई तापलेल्या डांबरावरून धावत सुटली. डोळ्यांपुढे एकच, मांडीत घातलेली मान. रिक्षावाल्यानं 'आजी, मरायचंय का?' म्हणून शिवी हासडली, तीही ऐकू आली नाही.

फाटकातून आत शिरल्या तेव्हा समाधानच्या कमरेला दोर होता आणि तो छातीपर्यंत विहिरीत उतरलेला होता.

"समाधान! वर ये!"

"आई? तू कशाला... अगं, दिवा बघितलाय मी."

"किती वाजता?"

"आठला. मग वरचा पाइप सोडवण्यात दुपार झाली, मग जेवलो. नेमानं सगळं केलंय."

"तुझ्या बापानंही नेमानंच केलं होतं!" कांताबाई ओरडल्या. आवाज त्यांचाच होता, पण सोसायटीनं तो कधी ऐकला नव्हता. "तो सकाळी उतरत होता. शिडीवर पाय होता त्याचा. मी काढायला लावला. म्हटलं, उपाशी उतरू नका. माझ्या भाकरीसाठी तो दुपारपर्यंत थांबला. सकाळी उतरला असता तर जगला असता. मी मारला त्याला, समाधान. आता तुला तरी..."

समाधान शिडीवर तसाच उभा, आईकडे बघत. कांताबाईंनी कोपऱ्यातला कंदील उचलला. काडी तिसऱ्या वेळी पेटली. त्यांनी कंदील त्याच्या खांद्यावरून, त्याच्या पायांखाली सोडला. पाच फूट. दहा फूट. पंधराव्या फुटाला ज्योत बारीक झाली आणि विझली. वाऱ्याची झुळूक नाही, आवाज नाही, नुसती विझली. त्यांनी कंदील वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. ती पुन्हा तिथेच विझली.

समाधान वर आला, काठावर बसला. त्यानं कमरेचा दोर सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दीपाली तिचं यंत्र घेऊन आली. भाड्यानं आणलेला पंखा लावून तासभर विहिरीत हवा मारली. पट्टी पुन्हा भोकाशी बांधली होती, झाकण काढण्याआधी ती आत ओढली गेलेली सगळ्यांनी पाहिली होती. कंदील सोडला, तळाला जळला. लगेच समाधान उतरला, यंत्र गळ्यात अडकवून. दोराला चार माणसं होती, तरी कांताबाईंनी टोक सोडलं नाही. बावीस मिनिटं लागली. त्या बावीस मिनिटांत त्या आयुष्यभरात घाबरल्या नसतील इतक्या घाबरल्या, आणि दोर धरून उभ्या राहिल्या.

तो वर आला, चिखलानं माखलेला. "आई, जाम भूक लागलीय. डबा?"

"आणलाच नाही," कांताबाई म्हणाल्या. "म्हटलं, आधी तू वर ये, मग पीठ मळते."

घरी तो पाट घेऊन चुलीपाशीच बसला. गॅस आहे घरात, पण भाकरी कांताबाई चुलीवरच करतात. पहिली भाकरी ताटात पडली तरी त्यानं तिला हात लावला नाही.

"बाबा त्या दिवशी पोटभर जेवले होते?" त्यानं विचारलं.

"जेवले. दोन भाकऱ्या आणि पिठलं." कांताबाईंनी तव्यावरची नजर हलवली नाही. "तिसरी मागितली, ती संपली होती."

समाधाननं भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि आईच्या हातात दिला.

"आता नेम बदललाय," तो म्हणाला. "दिवा, दोर, मग भाकरी. तू पण जेव."