विद्यापीठात आम्ही मुलीकडचे

काल सोयगावहून सकाळच्या एसटीनं निघाले, तेव्हा शेजारच्या सीटवर मामा होते. पीएच.डी.ची मुलाखत माझी. पण महत्त्वाच्या बोलणीला पोरीनं एकटीनं जायचं नाही, हे आमच्या घरचं मत. घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते.

संभाजीनगरच्या स्टँडवर रिक्षावाले चाचा म्हणाले, "युनिवर्सिटी में किधर जाना? अंदर पूरा गाँव है, बेटा."

खरंच होतं. विद्यापीठाच्या कमानीला हात जोडून माणसं आत जात होती, मामांनीही जोडले. पुढं कडुनिंबाची सावली, मागं लेण्यांचा डोंगर, आणि रस्ता वळला की नवी इमारत. अर्थशास्त्र विभाग विचारला. एकानं डावीकडं धाडलं. तिथं रसायनशास्त्राचा नाकाला झोंबणारा वास. दुसऱ्यानं सरळ धाडलं, तिथं ग्रंथालय. एवढी पोरं बसलेली, पण आवाज नाही. मामा कुजबुजले, "कुणी गेलं का काय गं?"

मुलाखतीची वेळ जवळ आली, तरी विभाग सापडेना. एका पायरीवर बसलो. एका मुलीला पुन्हा विचारलं, तर ती हसली. "ताई, अर्थशास्त्राच्याच पायरीवर बसलात की!" पाटी पलीकडच्या बाजूला होती.

आत दोन सर आणि एक मॅडम. माझ्यामागून मामाही आले, खुर्ची ओढून बसले. "पोरगी लई हुशार हाय. आता तुमी व्हय म्हणा, म्हंजी आमी मोकळे."

"मामा, ही सोयरीक नव्हे," मॅडम हसू दाबत म्हणाल्या. मामा दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

माझा विषय आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायका. भाव कोण ठरवतं, उरलेला माल कुठं जातो, मी सांगत गेले. त्यांनी अडवलं, उलटं विचारलं, मी भांडलेही. मग चहा आला. दारातून मामांनी जोरात मान हलवली. आमच्यात मुलीकडच्यांनी होकाराआधी मुलाकडचं पाणीही घ्यायचं नसतं. मी कप धरून गोंधळले.

"सर, व्हय का नाय?" माझ्या तोंडातून निघूनच गेलं.

"आज सांगायची पद्धत नाही," सर म्हणाले. "चहा घ्या, गार होतोय."

मी प्याले.

परतीच्या एसटीत मामा फुलंब्रीपर्यंत फुगून होते. "चहा पेलीस ना? गेलं मग."

गेलं की राहिलं, ते मला अजून ठाऊक नाही. एवढं मोठं विद्यापीठ, पण ते हो कसं म्हणतं आणि नाही कसं म्हणतं, तेच मला कळलं नाही. पण आजवर मला बघायला आलेल्यांपुढं चहाचा ट्रे मीच नेला, आणि विचारलं ते एवढंच, स्वयंपाक येतो का. काल तिघांनी मला तासभर ऐकलं, आणि चहा माझ्यासाठी आला.

नाही म्हणाले, तर पुन्हा जाईन. एकटी.