वनमालेच्या पदराचा वास

चारकोपच्या त्या सेक्टरात आठवडाभर एकच कुजबूज: वनमाला बाटली लावते. तळमजल्यावरची जया शपथेवर सांगायची, "पदराला वास होता गं! माझं नाक काय भाड्याचं आहे?"

आता तिसऱ्या मजल्यावरची सुकट खाली बसून ओळखणारं ते नाक. वास खराच होता.

वनमालेच्या मुलीला, निधीला, बघायला नवऱ्या मुलाची, सुयोगची आई, मालनबाई, येणार होत्या. शुभ गोष्ट म्हणजे आधी देवापुढे नारळ नि गाऱ्हाणं. ते घालावं निधीच्या बापानं, धाकूनं. आवाज असा की देवानं उठून बसावं! पण सकाळी पोटात चार घोट गेल्याशिवाय त्याचे हात असे थरथरत, की नारळ हातात राहायचा नाही.

म्हणून खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून चार झाकणं. बावीस वर्षांत वनमालेनं हे माप पक्कं केलं होतं: तिनानं हात थांबत नाहीत, पाचानं तोंड थांबत नाही. निधीही तयार झालेली. "बाबांना ताप आहे" हे वाक्य ती क-कमळाच्या आधी शिकली.

चौथं झाकण धाकूनं घाईत बायकोच्या पदरावर सांडलं; तिनं ते पुन्हा भरून पाजलं, नि बेल वाजली.

गाऱ्हाणं झकास झालं. "बा देवा म्हाराजा, चेडवाचा सगळा गोड कर रे म्हाराजा!" जयासकट सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" वनमाला प्रसाद द्यायला वाकली, तशा मालनबाई थबकल्या.

"वास कसला हो?"

निधीनं तोंड उघडलं. वनमालेनं तिला चिमटा काढला. "माझाच. गुडघ्याला ब्रँडी चोळते."

"पदरानं?" मालनबाई म्हणाल्या.

आठवड्यानं निरोप आला: मुलगी छान, पण आई पिते. आणि खवळलं कोण? धाकू! हातात पेला घेऊन म्हणतो, "तुझ्यापायी चेडवाचा लगीन मोडला! आता मी तोंड खंय दाखवू?"

वनमालेनं कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं ज्याला झाकलं, तोच हा!

"निधी, लाव गं मालनबाईंना फोन. स्पीकरवर."

"काय सांगू?"

"आहे ते. आणि दार उघडं ठेव, जयाला उगाच जिने चढायला नकोत."

निधीनं सांगितलं. बाबा पितात. आई त्यांना मोजून देते. आईनं आजवर थेंबही चाखलेला नाही; पदरावर सांडलं ते बाबांचं झाकण.