मागच्या चाकांची फितुरी
सर्वांनी कृपया गंभीर व्हावे: आमच्या जीपच्या मागच्या चाकांनी एकदा घरात फितुरी केली होती. काल बाजारात द्राक्षांची पेटी उघडली आणि त्या वासासरशी सगळं आठवलं. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की मागची चाकं थरथरायची, घसरायची; ‘विकून टाका ती जीप,’ असा बायकोचा हुकूम सुटला होता. माझा संशय मेव्हण्यावर, कारण त्याने जीप ‘फक्त नाशिक रोड स्टेशनपर्यंत’ नेली होती. मेकॅनिकने आम्हा तिघांसमोर चाक काढलं, तर रिमच्या आत वाळलेल्या काळ्या मातीची ढेकळं, टायरची नक्षीही तिनेच बुजलेली, आणि त्या मातीला द्राक्षबागेतल्या फवारणीचा वास. ‘या चिखलानंच चाक हलतंय,’ तो म्हणाला. जीप वाचली! मी नुसती भुवई उडवली, बायको भावाकडे वळली, आणि, आजही हसू आवरत नाही, मेव्हणा ओरडला, ‘ताई, आईशप्पथ, दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांकडे मी मुलगी बघायला गेलोच नव्हतो!’