ऑकलंड ते मुंबई, सरळ रेषेत

बहीण ऑकलंडहून रोह्याला यायला निघाली, तेव्हा बाबांनी मोबाइलवर दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं, त्याला विमानाच्या वेगानं भागलं आणि चौदा तासांत ती मुंबईत उतरणार, असं अख्ख्या आळीला सांगून टाकलं.

"बाबा, थेट विमान नाय. सिंगापूरला बदलायचं हाय, तिथं बराच वेळ थांबायचं हाय," मी पुन्हापुन्हा सांगितलं.

"पण अंतर तेवढंच ना?"

शेवटी हट्टानं त्यांनी मला गाडी काढायला लावलीच. आम्ही विमानतळावर पोचलो, तेव्हा ती सिंगापूरला बाकावर झोपली होती. अर्धा दिवस ताटकळलो. ती बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "किती उशीर केलास गो!"

ती हसत त्यांच्या गळ्यात पडली. मी मात्र पेण येईपर्यंत कुणाशी बोलले नाही.