बदलीचे सोळा आठवडे

ये गं, कागदावरच का होईना, अशी जवळ बस. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. मी बोलायला लागले की "मावशी, जाऊ दे ना, सोडून दे" म्हणतेस, मग मीटिंग आहे म्हणून फोन ठेवतेस. शोभतं का तुला? तिकडे सिडनीत केलीव्हिलला बसून माझा अपमान परस्पर माफ करून टाकतेस! म्हणून लिहून पाठवते. पूर्ण वाच.

"आजी, तुम्ही टेम्पररी आहात. नुसत्या दिसत राहा, बोलू नका."

आमच्या मेलबर्नच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले हे. झूमवर, सगळ्या समितीसमोर. आणि मला म्यूट केलं. माझे ओठ हलतायत, आवाज नाही. चौकोनातली माणसं हसली. एक जण म्हणाला, "आजींचं कपाळच दिसतंय, कॅमेरा खाली करा." मी केला. एवढी आज्ञाधारक.

मी समितीत आले कशी, तेही ऐक. मागच्या निवडणुकीत बायका कमी पडतात म्हणून माझं नाव घातलं होतं. मी पडले. पण समितीतली मुग्धा बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि नियमाप्रमाणे यादीतली पुढची मी. सोळा आठवडे. अध्यक्षांना वाटलं बरं झालं, म्हातारी आहे, मान हलवेल.

आणि मी बोलत काय होते? लॉकडाऊनमध्ये आमच्या भागात, पॉइंट कुकला, एका घरात युनिव्हर्सिटीत शिकणारी सहा मुलं-मुली कोंडलेली. हॉटेलं बंद, तिथल्या त्यांच्या कामाच्या शिफ्ट गेल्या. दुपारी ब्रेड, रात्री ब्रेड. मी म्हटलं, मंडळाच्या हॉलचं स्वयंपाकघर बंदच आहे, परवानगी काढून उघडा, मी रांधते.

तेव्हा ते म्हणाले, "तिथे बाप्पाचा नैवेद्य होतो, आजी. कोणाच्या हातचं शिजतं ते बघावं लागतं."

कळलं ना? माझं आडनाव ऐकलं की ज्यांना लगेच गाव विचारावंसं वाटतं, त्यातले हे. त्यांच्या बार्बेक्यूला माझ्या हातचा ठेचा बोटं चाटून खाल्ला होता. तेव्हा हात दिसला नव्हता.

त्या दिवशी मला माझी आई आठवली. राखीव जागेवर सरपंच झाली होती ती. उपसरपंच रजिस्टर घेऊन दारात यायचा, उंबऱ्याबाहेरूनच अंगठा घ्यायचा. पाच वर्षं सरपंच, खुर्चीत एकदाही बसली नाही. शाईचं पॅड कोण धरायचं? मी. दोन पोरांची आई होते, तरी धरायचे. त्याची लाज अजून जात नाही.

मी शाळेत गेलेली नाही, तुला ठाऊक आहे. पोरीच्या पुस्तकांवरून शिकले. मंडळाचे नियम इंग्रजीत. तीन दुपारी शब्दकोश घेऊन बसले. नातू म्हणाला, "Aaji, nobody reads that." म्हटलं, म्हणूनच वाचते. नियम अकरावा: बदली सदस्याला मताचा पूर्ण हक्क. कोणीही मागितलं तर नावं घेऊन मतं मोजायची.

इथली रीत काय, तर अध्यक्ष ठराव वाचणार, सगळे म्यूटवर, कोणी बोललं नाही की "सर्वानुमते". वर्षानुवर्षं हेच.

माझ्या शेवटच्या मीटिंगला स्वयंपाकघराचा ठराव आला. ते म्हणाले, "सर्वानुमते नामंजूर."

मी आवाजाचं बटण दाबलं. "थांबा. नावं घेऊन मोजा."

"आजी, तुमची मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय."

"आज आहे ना?"

मोजावं लागलं. तीन तिकडे, तीन इकडे. चौथी मी. स्वयंपाकघर उघडलं. पहिल्या दिवशी वरण-भात केला, हिंगाची फोडणी दिली आणि मास्कच्या आत पोटभर रडले.

पण माझं समाधान झालं नाही. त्याच मीटिंगला मी म्हटलं होतं, नैवेद्याचं ते वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं लिहा, नाहीतर मी मंजुरी देत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. आवाज लोण्यासारखा. "आजी, गैरसमज झाला. मोठ्या मनाने ते वाक्य काढू या."

"माझं मन लहान आहे," म्हटलं. "राहू दे."

वाक्य राहिलं. खाली त्यांची सही आहे. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? खूप झाला.

मुग्धा परत आली, माझी मुदत संपली. आता निवडणूक आहे आणि अध्यक्षपदाला मी उभी आहे. त्यांच्याविरुद्ध. सगळ्या सभासदांसमोर ते वाक्य मी वाचून दाखवणार, सहीसकट, आणि ते समोर बसून ऐकणार. हरले तर पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहीन, पुन्हा वाचेन. ते मान खाली घालून हॉलबाहेर जाईपर्यंत वाचेन. माफी मागितली तरी वाचेन. उगाच देवमाणूस करू नकोस मला.

तुझं "सोडून दे" तिकडेच ठेव. राज्याची बॉर्डर उघडली की पहिल्या विमानाने ये. सभेला माझ्या शेजारी आपलं कोणीतरी बसलेलं हवं गं. लवकर ये.